खांद्याची मोटर

किर्गिझस्तानातल्या बिश्केक शहराच्या रेडिओ गल्लीत अनारकानचं दुकान म्हणजे एका लोखंडी कंटेनरचं अर्धं पोट. उरलेल्या अर्ध्यात विताली नावाचा म्हातारा रशियन टीव्ही दुरुस्त करायचा. मध्ये प्लायवूडचा पडदा होता, तोही इतका पातळ की विताली शिंकला की अनारकान इकडून म्हणायची, "शंभर वर्षं जग!" आणि तो पलीकडून उत्तर द्यायचा, "तुझ्या शेजारी? नको गं बाई."

अनारकानकडे पोरांच्या रोबोटचं सामान मिळायचं. चाकं, वायरी, बॅटऱ्या, आणि मुख्य म्हणजे छोट्या सर्वो मोटरी. काडेपेटीएवढी मोटर, पण सांगाल तेवढ्याच कोनात वळते आणि सांगाल तिथेच धरून उभी राहते. रोबोटचा खांदा, कोपर, मनगट, सगळं तिच्या जिवावर. अडचण एवढीच, की वरून सगळ्या सारख्या दिसतात. तेच निळं कवच, तीच चिठ्ठी. आत मात्र एकीत पितळेचे दाते असतात, दुसरीत प्लास्टिकचे. एक वर्षभर इमानानं राबते, दुसरी चौथ्या दिवशी म्हाताऱ्याच्या हातासारखी थरथरायला लागते. चिठ्ठी वाचून सर्वो घेणं म्हणजे दात न बघता घोडा घेणं, असं अनारकान गिऱ्हाइकाला सांगायची.

ती स्वतः दात बघायची. नवा माल आला की खोक्यातली एक मोटर स्क्रू काढून उघडायची. बाकीच्यांचं वरचं फिरणारं पातं बोटांत धरून हलवायची, किती सैल आहे ते पाहायची. मग अर्ध्या किलो चवळीची पिशवी पात्याला टांगून तासभर वरखाली करायला लावायची, आणि शेवटी मोटर गालाला लावून किती तापली ते बघायची. थरथरणारी, कुरकुरणारी, चटका देणारी बाजूला. पास झालेलीवर नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका. तालासपासून बात्केनपर्यंत, देशभरच्या शाळांत तो ठिपका लोकांना माहीत होता.

ही सवय जुनी. सोव्हिएत काळात ती इथल्याच एका कारखान्यात तपासनीस होती. अकरा वर्षांत एकदाही तिनं न बघता शिक्का मारला नव्हता. पुढे कारखाना बंद पडला, नवरा कामासाठी रशियात गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. तिनं रडून घेतलं आणि दुकान टाकलं. आता तिला छप्पन्नावं लागलं होतं.

दर मार्चमध्ये नारीनच्या डोंगरातल्या एका गावाहून ओस्मोनकुल आगाय यायचा. आगाय म्हणजे मास्तर, हा पदार्थविज्ञानाचा. शाळेत त्यानं रोबोटचा वर्ग सुरू केला होता, आणि एप्रिलमधल्या स्पर्धेआधी तो मोटरी न्यायला सहा तासांचा प्रवास करून यायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. उंच, जरा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणारा माणूस. येताना खिशातून मूठभर कुरुत आणायचा. ते खारट दह्याचे गोळे चघळत तो उलट्या खोक्यावर बसायचा, आणि अनारकान मोटरी तपासायची. दोन तास, कधी अडीच. विताली पडद्याआडून ओरडायचा, "अनारकान, तुझ्या दोन मोटरी होईपर्यंत माझ्या टीव्हीवर अख्खा सिनेमा संपला! मास्तर, घाई असेल तर शेजारच्या गल्लीत जा हो."

"मला घाई नाही," आगाय शांतपणे म्हणायचा.

अशी आठ वर्षं गेली. नवव्या वर्षी तो आला तेव्हा त्यानं केस कापले होते, आणि कोटाच्या आत धुवट का होईना पांढरा सदरा होता. अनारकानला ते दिसलं आणि तिनं ते दिसलं नाही असं दाखवलं.

"या वर्षी एक पोरगी आहे माझ्याकडे," बसता बसताच तो म्हणाला. "उपेल. नववीत आहे. मेंढपाळाची. पाच भावंडांतली थोरली. अनारकान, मी तीस वर्षं शिकवतोय, असं डोकं पाहिलं नाही."

त्यानं वहीचं पान काढलं. रोबोटच्या हाताची आकृती, प्रत्येक सांध्यावर किती भार येतो त्याचं गणित, अक्षर टपोरं आणि सरळ. रोबोटनं तीन मिनिटांत सहा लाकडी ठोकळे उचलून फळीवर ठेवायचे होते.

अनारकाननं चष्मा लावून पान दोनदा वाचलं. "पोरीनं खांद्याला दोन मोटरी जोडीनं लावल्यात. शहाणी आहे. एकीवर भार टाकला असता तर बसली असती. आणि गरजेपेक्षा दीडपट ताकदीची मागतेय."

"मी नाही सांगितलं. तिचं तीच म्हणाली, आगाय, माणूससुद्धा पोतं उचलताना जेमतेम ताकद घेऊन जात नाही."

"धातूच्या दात्यांची घ्या मग. खांद्याला प्लास्टिक चालायचं नाही. दोन खांद्याला, कोपर, मनगट, चिमटा, एक जादा. सहा."

"जिंकली तर इथल्या निवासी शाळेत जागा मिळेल, राहणं-जेवण फुकट. नाहीतर बाप म्हणतो नववी पुष्कळ झाली." आगायनं पान घडी करून परत खिशात घातलं. मग गळा साफ केला. "तपासून व्हायला दीड वाजेल, नाही?"

"वाजेलच. खोकं परवाच आलंय, अजून उघडलंही नाही."

"माझी गाडी दोनला आहे." तो तिच्या हातांकडे बघत होता. "कोपऱ्यावरच्या डुंगान बाईकडे आश्ल्यान-फू फार चांगलं मिळतं म्हणतात. एकच्या आत संपतं, असंही म्हणतात. म्हटलं, नऊ वर्षं झाली, तुम्ही मला चहा पाजताय. एकदा मी..."

वाक्य पुरं झालं नाही. पडद्यापलीकडे वितालीनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

अनारकाननं खोकं उघडलं. माल नेहमीच्याच व्यापाऱ्याचा होता, नेहमीसारखाच पुठ्ठा, नेहमीसारखीच चिठ्ठी, त्यावर 'धातूचे दाते' लिहिलेलं. तिनं सहा मोटरी काढल्या. एकेकीचं पातं बोटानं हलवलं, ठीक वाटलं. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. तिनं लाल रंगाची बाटली घेतली आणि सहा ठिपके दिले. रंग वाळायच्या आतच ती डोक्याचा रुमाल सारखा करत होती.

डुंगान म्हणजे इथले चिनी वंशाचे मुसलमान; त्या बाईच्या टपरीत ते खिडकीशी बसले. गार, आंबट, तिखट रश्शातल्या शेवया, म्हणजे आश्ल्यान-फू. आगायला ठसका लागला आणि अनारकान खूप दिवसांनी मोठ्यानं हसली. तो गावाबद्दल बोलला, बर्फाबद्दल, एका खोडकर मेंढ्याबद्दल. मग वाटी बाजूला सारून म्हणाला, "माझ्या घरात दोन चुली आहेत. पेटते एकच."

अनारकाननं वाटीतला चमचा उगाच फिरवला. तिचे कान तापले होते.

"स्पर्धा होऊ दे," तो म्हणाला. "पोरीचं एकदा मार्गी लागू दे. मग मी नीट बोलेन."

"बोला," ती म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी अनारकाननं दुकान बंद ठेवलं. इतक्या वर्षांत ती स्पर्धा बघायला कधी गेली नव्हती. नवा निळा रुमाल बांधून ती सभागृहात दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. उपेलला तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लहानखुरी, गालांवर डोंगरातल्या थंडीनं पडलेली लाली, भावाचा वाटावा असा स्वेटर. रोबोटचं नाव तिनं तोरपोक ठेवलं होतं, म्हणजे वासरू. आणि खरंच तो नुकत्या उभ्या राहिलेल्या वासरासारखा पाय फाकवून चालत होता. लोक हसले, पण त्यानं पहिला ठोकळा असा अलगद उचलून फळीवर ठेवला की हसणं थांबलं. दुसरा ठेवला. घड्याळात पन्नास सेकंद झाले होते. एवढ्या वेगानं दुसऱ्या कोणाचाच रोबोट चालला नव्हता.

तिसरा ठोकळा वर जात असताना कर्रर्र असा आवाज झाला. सभागृहात बहुतेकांना तो ऐकूही गेला नसेल. अनारकाननं मात्र तो लगेच ओळखला. दाते सोलून निघाल्याचा आवाज. तोरपोकचा हात मधेच थांबला, झटके दिले, आणि खाली पडला. उपेलनं बटण दाबून पाहिलं, परत दाबलं. दुसरी मोटर एकटीच जोर लावत होती. तिच्यातून बारीक धूर निघाला. जादा मोटर खिशात होती, पण खांदा खोलून ती बसवायला वेळ कुठला. शिट्टी वाजली.

अनारकान गर्दीतून वाट काढत टेबलापाशी पोहोचली तोवर पोरीनं मोटर उघडलीही होती. रडत नव्हती. तळहातावर चार दातेरी चक्रं होती. तीन पितळी. मधलं एक, सोनेरी रंग दिलेलं, प्लास्टिकचं. त्याचे दाते भुग्यासारखे झाले होते.

आगाय पलीकडे उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

उपेलनं मान वर केली. "एजे," ती म्हणाली. बाजारात सगळेच अनारकानला एजे, म्हणजे ताई, म्हणायचे, पण या पोरीच्या तोंडून तो शब्द तिला टोचला. "एजे, तुम्ही ही भार लावून तपासली होती ना?"

प्रश्नात आरोप नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती.

अनारकानच्या डोळ्यांपुढे टपरीची खिडकी आली. आजूबाजूला दुसऱ्या शाळांचे मास्तर होते, तिची गिऱ्हाइकं. आगाय तिच्याकडेच बघत होता.

"हो," ती म्हणाली.

उपेलनं भुगा झालेलं चक्र बोटानं उलटवलं. मग हातातल्या चक्रांकडे बघून हळूच म्हणाली, "म्हणजे प्लास्टिक असूनही तासभर अर्धा किलो पेलला हिनं. मग ठोकळ्यानं कशी गेली? माझंच गणित चुकलं असणार. हात वर जाताना झटका बसतो, तो मी धरलाच नाही. हो ना आगाय?"

आगायनं वायरी गुंडाळायला घेतल्या. "मोटरी जातात, पोरी," एवढंच तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो नीट काही बोलला नाही. मुलांना गाडीत बसवलं, अनारकानला लांबून हात केला आणि गेला. अनारकाननं घरी न जाता दुकान उघडलं आणि त्या खोक्यातल्या उरलेल्या सगळ्या मोटरी एकेक करून खोलल्या. चौतीस होत्या. सव्विसांत मधलं चक्र प्लास्टिकचं निघालं. एक जरी आधी उघडली असती तरी बहुतेक कळलं असतं. दहा मिनिटांचं काम.

विताली पडद्याच्या कडेनं डोकावला. टेबलावर सांडलेली चक्रं बघून त्यानं थट्टा केली नाही. चहा आणून ठेवला आणि आपल्या बाजूला गेला.

उपेलचा नंबर तिच्याकडे होता. पोरीला फोन करायचा, दोन वाक्यं सांगायची. उद्या करते, म्हणाली. मग परवा. मे गेला, जून गेला. माणसाला आपली चूक जितकी जड नसते तितकं ती उशिरा सांगणं जड होतं; दर आठवड्याला तिचं वजन वाढत गेलं. तपासायचं काम ती आता दुप्पट कडकपणे करायची. एक मोटर सात वेळा बघायची. गिऱ्हाइकं म्हणायची, एजेला काय झालंय?

आगायचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. पुढचा मार्च आला आणि उलटलाही.

"तुझा मास्तर नाही आला या वर्षी," विताली म्हणाला.

"नाही आला."

"आजारी असेल."

"नसेल."

एप्रिलच्या शेवटी, ज्या दिवशी शहरात स्पर्धा होती त्याच दिवशी, अनारकान नारीनच्या गाडीत बसली. दोलोनच्या घाटात अजून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. शेजारची बाई सारखी पाव आणि उकडलेली अंडी पुढे करत होती. तिचा मान राखायला अनारकाननं पावाचा तुकडा तोडून तोंडात घातला, तो घाट उतरेपर्यंत तिथेच राहिला.

ओस्मोनकुल आगाय अंगणात होता. नुकत्याच झालेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होता. तिला फाटकात बघून तो उभा राहिला, कोकरू काखेत तसंच. वर्षभरात त्याची पाठ आणखी वाकली होती.

"या," तो म्हणाला. "गार वारा आहे, आत या."

आत त्यानं चहा केला, पाव आणि साय मांडली. चूल एकच पेटलेली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं, प्रवास कसा झाला, गुरं कशी आहेत. मग अनारकाननंच विचारलं, "वर्ग?"

"बंद केला. शिक्षण खात्याचं म्हणणं, नऊ वर्षांत एकदाही पहिला नंबर नाही, खोली कशाला अडवायची. आता तिथे टेबल टेनिस खेळतात. बरं आहे, पोरं आनंदात असतात."

"आणि उपेल?"

त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. तिच्या वाटीत चहा ओतला. "मॉस्कोला गेली. सप्टेंबरमध्ये. मावशी शिवणकारखान्यात आहे, तिच्याकडे. उशांचे अभ्रे शिवतात."

"बापानं पाठवली?"

"बापाला मी वळवला होता. त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. म्हटलं, एक वर्ष थांब, पुढच्या वेळी नक्की. तो हो म्हणाला. पोरगीच नको म्हणाली." आगायनं वाटी खाली ठेवली. "म्हणाली, आगाय, ज्याला वजन कळत नाही त्यानं यंत्राला हात लावू नये. वह्या सगळ्या मला आणून दिल्या. त्या कपाटात आहेत."

अनारकाननं कपाटाकडे बघितलं नाही. "मी त्या मोटरी तपासल्या नव्हत्या," ती म्हणाली. वाटेत तिनं हे वाक्य शंभर वेळा म्हणून पाहिलं होतं, तरी आवाज फाटला. "एकही नाही. न बघता ठिपके दिले, आणि पोरीच्या तोंडावर खोटं बोलले. मला बोला काहीतरी, आगाय. शिव्या द्या. त्यासाठी आलेय मी."

"मी तिथेच बसलो होतो, अनारकान."

तिनं वाटी खाली ठेवली.

"ठिपके देताना बघत होतो. चवळीची पिशवी खिळ्यावरून निघालीच नाही, हे मला दिसत नव्हतं का? आठ वर्षं ती पिशवी वरखाली होताना बघितलीय मी. पण घड्याळात बारा वाजत आले होते." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "घरी आल्यावर एकदा तपासायला घेतल्या होत्या. महिनाभर हातात होत्या माझ्या. मग वाटलं, हिनं हातात दिलेला पाव मी हुंगून बघतोय की काय. ठेवून दिल्या. खोटं सांगितलं तुम्ही, पण मी बाजूला उभा राहून ते ऐकलं. पोरीनं मला विचारलं होतं, 'हो ना आगाय?' मला. मी तिचा मास्तर."

"माझी लाज राखायला गप्प बसलात."

"तसंच वाटलं होतं मला. आता वाटतं, माझीच राखली."

बाहेर कोकरू ओरडत होतं. मग अनारकान म्हणाली, "फोन लावा तिला."

"आता?"

"आत्ता. मी परत घाट चढले की माझ्यानं व्हायचं नाही."

मॉस्कोत जेवणाची सुट्टी असावी; मागे भांड्यांचा आणि बायकांच्या बोलण्याचा गलका होता. आगायनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. उपेलचा आवाज आधी आनंदाचा होता. "आगाय! कसे आहात? कोकरं झाली का?" मग कोण बोलतंय ते कळल्यावर ती सावध झाली. "अनारकान एजे? तुम्ही गावात?"

"पोरी, ऐक," अनारकान म्हणाली. "तुझं गणित बरोबर होतं. झटका धरूनसुद्धा बरोबर होतं. मी नंतर करून पाहिलं. मोटर खोटी होती, आणि मी ती तपासली नव्हती. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

पलीकडचा गलका चालूच होता. कोणीतरी मोठ्यानं हसलं.

"उपेल?"

"ऐकतेय." आवाज अगदी सपाट होता. "मी ते गणित किती वेळा केलं, एजे. उन्हाळाभर. मेंढ्यांमागे जाताना मातीत काठीनं करायचे. चूक सापडायचीच नाही. मग मला वाटलं, चूक सापडतसुद्धा नाही म्हणजे मी पार मठ्ठ."

अनारकाननं रुमालाचं टोक तोंडावर धरलं.

"आगायना माहीत होतं?" उपेलनं विचारलं.

खोलीत चहाची वाफ वर जात होती. अनारकानला वाटलं, नाही म्हणावं. एवढा एकच माणूस पोरीकडे उरलाय, तो तरी तिला राहू द्यावा. पण पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं. ती आगायकडे बघू लागली. आगायनं हात लांब करून फोन जवळ ओढला.

"माहीत होतं, बाळ," तो म्हणाला. "त्याच दिवशी. तू विचारलंस तेव्हाही."

मग उपेल म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळानं, "घंटा झाली. नंतर बोलू." फोन बंद झाला.

आगायनं फोन उलटा ठेवला. "तिनं मला 'बरं' कधी म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "वर्गात काही सांगितलं की म्हणायची, 'का?'"

अनारकाननं वाट्या विसळल्या. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण हाताला काम हवं होतं. ती हे घर मनात कितीदा झाडून, मांडून गेली होती. आता त्यात उभं राहताना तिला कळत होतं की इथे बसून जेवलेल्या प्रत्येक घासाला त्या टपरीतल्या घासाची चव येईल. त्यालाही ते कळलं असावं. त्यानं तिला राहा म्हटलं नाही. सायीचा डबा बांधून दिला, रस्त्यापर्यंत आला, नारीनला जाणारा दुधाचा ट्रक थांबवला, ड्रायव्हरला ओळखीचा दम दिला, "बाईंना पुढे बसव, खिडकी लावून घे."

"आगाय," ती ट्रकच्या पायरीवरून म्हणाली, "तुम्ही पोरीच्या मागे लागून तिला शिकायला परत..."

"बघतो," तो म्हणाला. "ऐकलं तर बघतो."

उपेलनं 'नंतर बोलू' म्हटलं होतं, पण ती बोलली नाही. आगायनं फोन केले, काही उचलले गेले नाहीत, पुढे नंबर बदलला. अनारकाननं तिच्या बापाच्या हाती चिठ्ठी धाडली, त्यात ते गणित पुन्हा सगळं मांडून खाली सही केली. ती पोहोचली की नाही, कळायला मार्ग नव्हता. दोन वर्षांनी नारीनकडचं एक गिऱ्हाईक वायरी घ्यायला आलं, त्यानं सांगितलं की पोरगी भावाच्या लग्नाला आठवडाभर येऊन गेली. शाळेवरून गेली, आगायच्या घरावरून गेली. थांबली नाही. कोणी म्हणतं तिकडे कारखान्यात आता ती मशिनं दुरुस्त करते, कोणी म्हणतं अजून अभ्रेच शिवते.

"दिसते कशी?" अनारकाननं विचारलं.

"बारीक झालीय," तो म्हणाला. "पण तिकडे गेलेल्या सगळ्याच होतात."

विताली त्या हिवाळ्यात मुलीकडे कायमचा गेला आणि कंटेनरच्या त्या बाजूला मोबाइलची कव्हरं विकणारं जोडपं आलं. पडदा तोच राहिला. दरवर्षी आठ मार्चला, बायकांच्या सणाला, सकाळी नऊच्या सुमारास ओस्मोनकुल आगायचा फोन यायचा. शुभेच्छा द्यायचा. मग घाट उघडा आहे का, बर्फ किती पडलं, कोकरं किती झाली, गुडघा कसा आहे, असं दोन मिनिटं बोलणं व्हायचं. ते संपलं की उपेलचं नाव निघायच्या आत दोघांपैकी कोणीतरी फोन ठेवायचं.